आत्याची ‘रायफलची’ शाल

आमच्या आत्याकडे एक शाल होती. फिकट बदामी रंगाची, काठावर चिनाराच्या पानांची बारीक वेल भरलेली. आत्याचे यजमान लष्कराच्या हिशेब खात्यात होते. १९७४ च्या सुमारास त्यांची बदली श्रीनगरला झाली, आणि तिथून परत येताना त्यांनी ती आणली होती. आत्या ती वर्षातून दोनदा ट्रंकेतून काढी, एकदा दिवाळीच्या पहाटे आणि एकदा संक्रांतीला. एरवी ती कडुनिंबाच्या पाल्यात आणि डांबराच्या गोळ्यांत निवांत पडलेली असे. आम्ही पोरे तिला हात लावायला धावलो की आत्या म्हणे, “हात पुसून या रे आधी. रफलची आहे ती.”

आम्हाला ते ‘रायफलची’ असे ऐकू येई. काका लष्करातले, तेव्हा शालही रायफलची असणार, यात आम्हाला काहीच नवल वाटले नाही. माझ्या थोरल्या भावाने तर काकांनी सरहद्दीवर बंदूक देऊन तिच्या बदल्यात ही शाल घेतली, अशी कथाही रचली होती. आत्या ती ऐकून पोट धरधरून हसे, पण तिने खुलासा मात्र कधी केला नाही.

आत्या गेली आणि शाल माझ्याकडे आली. मग हळूहळू घरात तिला सगळे ‘पश्मिना’ म्हणू लागले. कुणी सुरुवात केली ते आता आठवत नाही. माणूस गेला की त्याचे गुण वाढत जातात, वस्तूंचेही तसेच होत असावे. दोन वर्षांपूर्वी माझ्या आतेबहिणीच्या मुलीला पुढील शिक्षणासाठी एकदम बरीच रक्कम भरायची होती. एके संध्याकाळी बहीण चाचरत म्हणाली, “दादा, आईची ती पश्मिना... तिचे काही पैसे येतील का रे?” शाल तिच्या आईची, म्हणजे हक्क तिचाच. मी ती शहरातल्या एका दुकानात नेली. दुकानदाराने आपल्या बोटातली अंगठी काढली, शाल तिच्यातून सर्रकन ओढून दाखवली आणि “अस्सल!” असा निकाल दिला. किंमत मात्र सांगितली ती अस्सलाला साजेशी नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या मे महिन्यात आम्ही काश्मीरला जाणारच होतो. शाल बरोबर घेतली.

मराठीच्या प्राध्यापकाला लोकरीशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. पण आपल्या भाषेने शालीला फार पूर्वीच जवळ केले आहे. ‘शालजोडीतला दिला’ हा वाक्प्रचार वर्गात आला की दरवर्षी एखादे पोर उठून विचारते, “सर, शालजोडीतच का? एका शालीत जोडा मावत नाही का?” शंका रास्त आहे. तिचे उत्तर मोगल दरबारात सापडते. अकबराच्या काळी शाल दुहेरी पांघरण्याची चाल पडली, तसे अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवून ठेवले आहे. दोन शाली पाठीला पाठ लावून शिवायच्या, म्हणजे उलटी बाजू जगाला दिसत नाही. हीच शालजोडी पुढे पेशव्यांच्या दरबारातही मानाची ठरली. आज सत्कारात शाल एकटीच येते, नारळाच्या सोबतीने. तिच्यात लोकर किती आणि ॲक्रिलिक किती, हे सत्कारमूर्तीने विचारायचे नसते. मीही दोनदा विचारलेले नाही.

‘पश्म’ म्हणजे फारसीत लोकर. पण काश्मिरात पश्म म्हटले की ती मेंढीची नव्हे, बकरीची, आणि तीही सगळ्या अंगावरची नव्हे. ही बकरी राहते लडाखच्या पूर्वेला, चांगथांगच्या पठारावर. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. हे पठार तिच्या अडीचपटीहून उंच. तिथे झाड नाही, पाऊस जेमतेम, आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत व त्याहूनही खाली उतरतो. अशा ठिकाणी चांगपा लोक याकच्या केसांचे तंबू ठोकून राहतात आणि चाऱ्यामागे कळप घेऊन वर्षभर फिरतात.

या थंडीत बकरी जगते ती निसर्गाने तिला दिलेल्या दुहेरी पांघरुणामुळे. तिचीही एक शालजोडीच म्हणा. वरचे केस लांब आणि राठ, वारा-बर्फ झेलणारे. त्यांच्या खाली दिवस लहान होऊ लागले की दुसरी मऊ लव उगवते आणि हिवाळाभर दाट होत जाते. ही लव म्हणजेच पश्म. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर चांगल्या मेरिनो मेंढीची लोकर वीसच्या आसपास भरते आणि पश्म बारा ते पंधरा. आपल्या दख्खनी मेंढीची, घोंगडीची लोकर या शर्यतीत फार मागे राहते, पण पाऊस झेलायला तीच बरी.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. लोकर ऊब देत नाही. ऊब आपल्याच अंगाची असते, लोकर फक्त ती बाहेर जाऊ देत नाही. तंतूंच्या जाळीत अडकलेली हवा हलत नाही, आणि न हलणारी हवा हे उत्तम पांघरूण असते. तंतू जितका बारीक, तितकी हवेची घरे लहान आणि पुष्कळ. म्हणून तळहाताएवढ्या घडीत मावणारी शाल जाड गोधडीला भारी पडते.

वसंत सरता सरता दिवस मोठे होतात तशी ही लव आपोआप सुटू लागते. चांगपा मग बकरीला आडवी करतात, पाय बांधतात आणि लांब दातांच्या लोखंडी फणीने सबंध अंग विंचरतात. मेंढीसारखी ही कातरत नाहीत, कारण कातरले की राठ केसही सोबत येणार. काम घाईचे नाही. घाई केली तर कातडी ओरबाडते. एका बकरीमागे वर्षाला सुमारे पाव किलो माल निघतो. पण त्यात राठ केस, माती, कोंडा सगळे आले. ते वेगळे केल्यावर उरते ते निम्म्याहून कमी. म्हणजे दोन मीटर लांबीच्या एका साध्या शालीसाठी दोन-तीन बकऱ्यांचा सबंध हिवाळा लागतो.

आणि तो हिवाळा दरवेळी सुखरूप पार पडतोच असे नाही. २०१३ च्या आरंभी चांगथांगवर इतके बर्फ पडले की चारा त्याखाली गाडला गेला आणि हजारो जनावरे, विशेषतः कोवळी करडे, दगावली. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटच्या बाजूची कुरणे तुटली, ती तुटलीच. चांगपांची मुले लेहला शिकायला जातात आणि तिथेच राहतात. त्यांना कोण नावे ठेवणार? उणे तीस अंशांत बकऱ्यांमागे हिंडण्याचे काव्य आपण पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून करावे.

या मूठभर लवेपायी राजकारण किती झाले! १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने पश्चिम तिबेटातली पश्म लडाखमार्गे काश्मीरलाच जावी असे ठरले. १८३४ मध्ये जोरावरसिंग या डोगरा सेनापतीने लडाख घेतले. १८४१ मध्ये तो तिबेटात घुसला, त्या मोहिमेमागेही पश्मेचा व्यापार होता, आणि त्याच हिवाळ्यात तो तिथे मारला गेला. १८४६ मध्ये इंग्रजांनी गुलाबसिंगाला काश्मीर दिले, तेव्हा अमृतसरच्या तहात वार्षिक खंडणी काय लिहिली? एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा बकऱ्या, सहा नर नि सहा माद्या, आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. पुन्हा शालजोडीच!

युरोपात या शालींचे वेड नेपोलियनच्या इजिप्तच्या स्वारीनंतर शिगेला पोचले. सम्राज्ञी जोसेफिनकडे त्यांचा मोठा संग्रह होता. मग स्कॉटलंडातल्या पेस्ली गावच्या मागांवर त्यांच्या नकला निघू लागल्या, आणि इतक्या निघाल्या की ज्या नक्षीला आपण कोयरी म्हणतो तिला साहेब ‘पेस्ली’ म्हणू लागला. कोयरी आपली, नाव त्यांच्या गावाचे. काश्मीरला साहेब ‘कॅश्मियर’ म्हणे, त्यावरून जगभरच्या अशा सगळ्या बकऱ्यांच्या लवेला तेच नाव पडले. आज जगातली बहुतेक कॅश्मियर लोकर चीन आणि मंगोलियातून येते. लडाखचा वाटा एक टक्काही नाही.

शाल विकली जात होती तेव्हाही विणकर सुखात होता असे मात्र समजू नका. महाराजांच्या अमदानीत शालींवर शिक्का मारून भारी कर वसूल करणारे ‘दाग-शाल’ नावाचे खातेच होते. विणकराला कारखानदार सोडून जाता येत नसे. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या जालदगार भागात विणकरांनी मोर्चा काढला. सैन्य त्यांच्यावर चालून गेले आणि अठ्ठावीस विणकर प्राणांस मुकले. शिकागोच्या हे मार्केटच्या एकवीस वर्षे आधीची ही गोष्ट. पुढे १८७० च्या युद्धाने फ्रान्सची बाजारपेठ बसली, १८७७ पासूनच्या दुष्काळाने उरलेसुरले विणकर नेले.

असो. आता चांगथांगचा माल झोजिला ओलांडून श्रीनगरला आला, असे समजा. कारण आम्हीही शाल घेऊन तिथे पोचलो होतो. आमच्या हाउसबोटवाल्याच्या ओळखीने जुन्या शहरातल्या एका घरी गेलो. चिंचोळी गल्ली, लाकडी जिना, वर एक खोली. तिथे साठीच्या एक बाई खिडकीशी यंदर घेऊन बसल्या होत्या. यंदर म्हणजे त्यांचा चरखा. शेजारीपाजारी त्यांना ‘आपा’ म्हणत होते, आम्हीही तेच म्हणू लागलो.

आपांचे काम पाहत मी दीड तास बसलो, सौभाग्यवतींनी दोनदा घड्याळ दाखवले तरी. आधी लवेतून उरलेले राठ केस निवडून फणीने विंचरायचे. मग तिला भिजवून वाटलेल्या तांदळाचे पीठ चोळून एक-दोन दिवस ठेवायचे. पीठ तेलकटपणा शोषून घेते. पुन्हा विंचरून पीठ झाडायचे. मग ढगासारखा पुंजका उजव्या-डाव्या बोटांत धरून तो कातायला घ्यायचा. धागा मला दिसतच नव्हता. आपांनी बोट किंचित वाकवले तेव्हा उजेडात एक रेघ चमकली, तेवढेच. एकेरी धागा इतका नाजूक की मागावर टिकत नाही, म्हणून दोन धागे एकत्र करून पीळ देतात.

“मजुरी कशी मोजतात?” मी विचारले. आपांनी काढलेल्या सुताची लडी दाखवली. दहा दहा धाग्यांची एक गाठ, आणि गाठीमागे मोबदला. पुष्कळ वर्षे तो एका गाठीला एका रुपयाच्या आसपास राहिला होता. “माझ्या लग्नात सोने याच पैशांनी झाले,” आपा म्हणाल्या. “आता मुली शिवण शिकतात, दुकानात बसतात. डोळे फोडून दिवसाकाठी मिळणार किती?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. दुधाचा भाव सांगावा तसे सांगत होत्या.

आपांच्या पोटावर पाय आला तो यंत्राचा. पश्म लांबीला फार आखूड, यंत्राच्या ओढीला तुटते. म्हणून गिरणीत तिच्यात नायलॉन मिसळून सूत काढतात, कापड विणून झाले की आम्लात बुडवून नायलॉन विरघळवतात. काम झटपट होते, स्वस्त होते. पण आम्ल लोकरीलाही सोडत नाही, तिची ताकद थोडी जातेच. यंत्रावर माझा राग नाही. मी स्वतः गिरणीच्याच कापडाचा सदरा घालतो. राग येतो तो यंत्राच्या मालावर ‘हातसुताची’ अशी चिठ्ठी लावणाऱ्यांचा. कारण ती चिठ्ठी शेवटी आपांच्या गाठीचा भाव पाडते.

सूत झाले की ताणा घालायचा. जमिनीत रोवलेल्या काठ्यांभोवती माणसे धागा नेत ये-जा करतात, शंभरांनी धागे ओढले जातात. मग त्याला भाताची पेज लावतात. इथे मला आमच्या गावचे सणगर आठवले. घोंगडीच्या सुताला ते चिंचोक्याची खळ लावतात. त्यांचा धागा रांगडा, तो कडक व्हावा म्हणून. हा धागा रडका, तो मागावर जीव धरून राहावा म्हणून. खळ लावणाऱ्या हातांची चाल मात्र दोन्हीकडे सारखीच.

मागावर साध्या शालीची वीण बहुधा ‘चश्म-ए-बुलबुल’, म्हणजे बुलबुलाचा डोळा. बारीक बारीक चौकटींची, प्रत्येकीच्या मधोमध एक ठिपका. धोटा हाताने टाकायचा, फणी हलक्या हाताने ठोकायची. कानी शालीचा प्रकार निराळा. तिथे एका धोट्याऐवजी रंगीत सूत गुंडाळलेल्या लहान लहान लाकडी काड्या असतात, त्यांना ‘कानी’ म्हणतात. कोणत्या रंगाची कानी किती ताण्यांवरून न्यायची, हे एका सांकेतिक लिपीत कागदावर लिहिलेले असते. त्या कागदाला ‘तालीम’ म्हणतात. आपल्याला तालीम म्हटले की हौदातली लाल माती आठवते. इथेही कस लागतोच, फक्त मांडीऐवजी डोळ्यांचा. दिवसभर बसून बोटभर कापड पुढे सरकते, आणि भरगच्च नक्षीची एक शाल पुरी व्हायला वर्ष-दोन वर्षेही जातात.

मागावरून उतरलेली शाल नुसती पाहिली तर कुणी विकत घेणार नाही. तिच्यावर गाठी, कुसे, तुटके धागे. पुरजगार नावाचा कारागीर ती ताणून चिमट्याने एकेक कुस वेचतो. मग धोबी ती झेलमच्या पाण्यात धुतो. रंगवायची तर रंगरेज, भरायची तर सुईचे कारागीर. काश्मिरातली बारीक सुईची ‘सोझनी’ अशी, की चांगल्या हाताची असली तर उलट-सुलट ओळखायला दोनदा पाहावे लागते.

आपांचे थोरले दीर रफूगर. ते संध्याकाळी आले, नमाजहून. मी शाल पुढे केली आणि दुकानातल्या अंगठीची हकीकत सांगितली. म्हातारा हसला. “अंगठीतून तर रेशीमही जाते, नकली रेशीमही जाते.” खरे तर अंगठीची गोष्ट शहातूशची. ती लव बकरीची नव्हे, चिरू नावाच्या तिबेटी हरणाची. चिरूला मारल्याशिवाय ती मिळत नाही, एका शालीला तीन ते पाच हरणे लागत. म्हणून तिच्या व्यापारावर बंदी आहे. दुसरी परीक्षा धागा जाळण्याची. केस जळल्याचा वास आला म्हणजे नायलॉन नाही इतके कळते, मेंढी की बकरी ते कळत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते, कारण दोघींच्या केसांवरच्या खवल्यांची ठेवण वेगळी असते. काश्मीर पश्मिनेला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये शाल तपासून तिला मोहोर लावतात. २०१९ मध्ये मानक ब्यूरोने पश्मिना ओळखण्याचे मानकही ठरवले, आणि २०२३ मध्ये लडाखच्या पश्मिनेला स्वतंत्र मानांकन मिळाले. नवी शाल घ्यायची असेल तर ती मोहोर मागा. न लाजता मागा.

पण आमची शाल जुनी, तिला कसली मोहोर! म्हाताऱ्याने ती खिडकीशी नेली, घडी उलगडून उजेडापुढे धरली, काठाशी एक धागा बोटांनी चाचपला आणि क्षणात म्हणाला, “रफल.”

मी दचकलो. पुन्हा म्हणा, म्हटले.

“रफल. मेरिनोची लोकर, गिरणीत कातलेली. बघा, सूत इथून तिथून एकसारखे. हातसुतात असे होत नाही. पश्मिना नाही ही.” मग त्याने काठावरची चिनाराची पाने निरखली, शाल उलटी करून पुन्हा निरखली. “काम मात्र आमच्या गल्लीसारखे आहे. दोन महिने बसला असेल कुणी. ज्याने घेतली त्याला दुकानदाराने खरे सांगून विकली असेल. त्या काळी रफलला कुणी पश्मिना म्हणत नसे.”

एका कोपऱ्यात कसरीने खाल्लेले भोक होते. ते त्याने तिथेच बसून रफू केले, दोनशे रुपये घेतले. आता मी ते भोक शोधू म्हटले तर सापडत नाही.

रात्री हाउसबोटीवरून बहिणीला फोन लावला. बातमी पैशांच्या दृष्टीने वाईट होती, तेव्हा जरा घुटमळतच सांगितली. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ती हसू लागली, अगदी आत्यासारखी.

“दादा, अरे आई जन्मभर तेच तर सांगत होती!”

मुलीच्या शिक्षणाची रक्कम पुढे तिच्या वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून भरली. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. शाल मी परत आल्या आल्या बहिणीकडे पोचवली. गेल्या दिवाळीला पहाटे तिच्याकडे गेलो होतो, तर अभ्यंगस्नान उरकून भाची ती पांघरून बसली होती आणि शेजारच्या लहान मुलाला बजावत होती, “हात पुसून ये आधी. रायफलची आहे ही.”